विम्याचे शेवटचे वाक्य

कालप्रवासाची कथा कोणतीही असो, प्रेक्षकाचे कुतूहल एकाच प्रश्नाभोवती घोटाळते: घडून गेलेले बदलता येईल काय? टेरी गिलियम दिग्दर्शित ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) या चित्रपटात या प्रश्नाचे उत्तर अखेरच्या एका साध्या वाक्यात दडले आहे. आणि त्या वाक्याच्या अर्थाविषयी रसिकांत आजही एकमत नाही.

१९९६ साली एका विषाणूमुळे पाच अब्ज माणसे मृत्युमुखी पडतात आणि उरलेली भूगर्भात आश्रय घेतात, अशी ही कथा. काही दशकांनंतरचे शास्त्रज्ञ जेम्स कोल या कैद्याला भूतकाळात धाडतात. विमानतळावर विषाणू नेणाऱ्या इसमाला अडवताना कोल पोलिसांच्या गोळीने मरतो. तो इसम विमानात बसतो, तेव्हा शेजारच्या आसनावर त्या शास्त्रज्ञांपैकीच एक स्त्री असते. ती आपले नाव सांगते आणि म्हणते, आपण विमा व्यवसायात आहोत.

काहींच्या मते ही तिच्या पूर्वायुष्यातील निव्वळ योगायोगाची भेट होय. परंतु भूगर्भात दिसलेल्या आणि विमानातील स्त्रीच्या वयात फरक दिसत नाही. तेव्हा ती भविष्यातूनच आली असावी, हा दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक ठरतो.

मग ती अनर्थ टाळणार काय? नाही. विमानतळावरील तपासणीतच एक कुपी उघडली गेलेली असते. शिवाय शास्त्रज्ञांना साथ थांबवायची नव्हतीच. उपाय शोधण्यासाठी त्यांना विषाणूचे मूळ, अविकृत रूप हवे होते. पगारातून विम्याचे हप्ते भरणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. विमा मृत्यू टाळत नाही. मागे राहिलेल्यांचा संसार सावरतो.

हा विचार मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील प्राध्यापक, मराठे पानिपत जिंकले अशा दुसऱ्या एका जगात जाऊन येतात. परतल्यावर त्यांच्याजवळ बखरीचे एक फाटके पान उरते. आपल्या जगातील १७६१ चा पराभव पुसला जात नाही. हाती लागतो तो केवळ पुरावा.

कोल्हापूरकरांना याचा अर्थ पंचगंगेने शिकविला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आता कोणी परतवू शकत नाही. वाहून गेलेले संसार परत येत नाहीत. मात्र पुराच्या पाण्याची प्रत्येक नोंद पुढच्या पिढीच्या कामी येते. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे येथे शाळकरी पोरही जाणते. ही जाण हाच गावाचा विमा होय. त्याचे हप्ते पूर ओसरल्यावर, नदी शांत असताना भरावे लागतात. आणि नेमके तेव्हाच ते थकतात.