गिनी पिग चालेनासा झाला? वयाला दोष देण्यापूर्वी आहार आणि पिंजरा तपासा

कुम्हारी (भिलाई, छत्तीसगड) : भाजी चिरण्याचा आवाज कानी पडताच शीळ घालत पुढे धावणारा गिनी पिग एखाद्या दिवशी कोपऱ्यातून हलेनासा होतो. अशा वेळी ‘त्याचे वय झाले’ किंवा ‘त्याला लकवा मारला’ असा निष्कर्ष अनेकदा घाईने काढला जातो. प्रत्यक्षात चालणे मंदावणे हा स्वतंत्र रोग नसून ते एक लक्षण आहे. त्यामागील अनेक कारणे वेळीच ओळखल्यास उपचारांना दाद देतात. विलंब झाल्यास मात्र हा लहानसा प्राणी फार झपाट्याने खचतो.

गिनी पिग हा निसर्गात इतरांचे भक्ष्य ठरणारा प्राणी आहे. त्यामुळे वेदना लपविणे हा त्याचा स्वभाव असतो आणि तो उघडपणे लंगडू लागेपर्यंत त्रास बराच वाढलेला असतो. उठताना अडखळणे, मागचे पाय ताठ ठेवून चालणे, उचलताच ओरडणे, केस विस्कटलेले राहणे आणि वजन घटणे ही आरंभीची लक्षणे होत.

सर्वप्रथम आहाराचा विचार करावा. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज अन्नातूनच मिळावे लागते. १९०७ मध्ये नॉर्वेतील संशोधक अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगमध्ये माणसातील स्कर्व्हीसारखा आजार उद्भवतो, हे दाखवून दिले. ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाचा मार्ग या प्रयोगांमुळे मोकळा झाला. या जीवनसत्त्वाच्या अभावी सांध्यांभोवतीच्या ऊती आणि रक्तवाहिन्या दुबळ्या होतात, सांधे सुजतात व दुखतात आणि प्राणी हालचाल टाळू लागतो. आहारात ते अजिबात नसल्यास दोन-तीन आठवड्यांतच लक्षणे दिसू शकतात.

निरोगी प्रौढ गिनी पिगला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. सुमारे २५ ग्रॅम ढोबळी मिरचीतून त्यापैकी २० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. कोथिंबीर आणि पेरूची लहानशी फोडही उपयुक्त ठरते. मात्र साखरेमुळे फळ बेतानेच द्यावे. सशांसाठीच्या गोळीखाद्यात हे जीवनसत्त्व मिसळलेले असेलच असे नाही. गिनी पिगच्या खाद्यातील जीवनसत्त्वही साठवणुकीत घटत जाते, तर पाण्यात टाकलेले थेंब काही तासांतच निष्प्रभ होऊ लागतात.

छत्तीसगडमध्ये भाताचा पेंढा, म्हणजेच पैरा, सहज उपलब्ध असला तरी पोषणाच्या दृष्टीने तो निकृष्ट असतो आणि चांगल्या वाळलेल्या गवताची जागा घेऊ शकत नाही. फवारणी न झालेली ताजी हरळी चालते. लसूणघासात कॅल्शियम अधिक असल्याने प्रौढ प्राण्याला तो नियमित देऊ नये. मूतखड्याचा धोका वाढतो आणि त्या वेदनेनेही प्राणी पाठ आखडून बसून राहतो.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे पायाखालची जमीन. तारेच्या जाळीचा तळ, ओले अंथरूण आणि वाढलेले वजन यांमुळे तळव्यांना सूज येते, जखमा होतात आणि संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. वाढून वळलेली नखेही पाऊल वाकडे पाडतात. म्हणून तळ सपाट व कोरडा ठेवावा, त्यावर मऊ कापड अंथरावे आणि तळवे दर आठवड्याला पाहावेत.

याखेरीज उंचावरून पडल्याने होणारा अस्थिभंग किंवा मणक्याची इजा, उतारवयातील संधिवात, तसेच कानाच्या आतील संसर्ग हीदेखील कारणे असू शकतात. कानाच्या संसर्गात मान एका बाजूला कलते आणि तोल जातो. गाभण किंवा नुकतीच व्यालेली मादी अचानक मलूल झाल्यास तो आणीबाणीचा प्रसंग समजावा.

कुम्हारी-भिलाई पट्ट्यात उन्हाळ्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. येथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर गिनी पिगला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवते. धापा टाकणे, लाळ गळणे आणि अंग सैल पडणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी त्याला तातडीने गार जागी न्यावे, साध्या पाण्याने पाय व कान ओले करावेत आणि पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये.

माणसांची वेदनाशामके किंवा घरातील उरलेली प्रतिजैविके कधीही देऊ नयेत. अॅमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील औषधे गिनी पिगच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंचा समतोल बिघडवतात आणि ती जीवघेणी ठरू शकतात. तपासणीसाठी नेताना दोन्ही हातांनी, मागचा भाग आधार देऊन उचलावे आणि मऊ कापड अंथरलेल्या लहान खोक्यात ठेवावे. मागचे पाय अचानक फरफटू लागले किंवा बारा तासांत त्याने काही खाल्ले नाही, तर थांबू नये. उपासमारीने गिनी पिगचे आतडे मंदावते आणि मूळ आजारापेक्षा तेच अधिक घातक ठरते.

उपचार सुरू असताना गवत, पाणी आणि भाजी तोंडाजवळ, उथळ भांड्यात ठेवावी; पिंजऱ्यातील चढ-उतार काढून टाकावेत. हालचाल नसलेल्या प्राण्याचा मागचा भाग लघवीने भिजून त्वचा सोलवटते आणि पावसाळ्यात तेथे माश्या अंडी घालतात. त्यामुळे तो भाग दिवसातून दोनदा पुसून कोरडा करावा.

या परिसरातील पालकांसाठी दुर्गनजीक अंजोरा येथे कामधेनू विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. विदर्भातील वाचकांसाठी नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्यापूर्वी लहान प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक उपलब्ध आहेत का, याची चौकशी करावी.

घरी करता येण्याजोगा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून ते वहीत नोंदविणे. पाय थकल्याचे डोळ्यांना दिसण्यापूर्वीच घटलेला आकडा अनेकदा धोक्याची सूचना देतो.