जादा तासाचा हिशेब



ओव्हरटाइम हा शब्द कामगारवस्तीत वाढलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही. परंतु तो शब्द गिरणीच्या भोंग्याशी आणि कारखान्याच्या फाटकाशी इतका जखडला गेला आहे की, फळ्यापुढे उभा राहणाराही जादा काम करतो, हे आपल्या ध्यानातच येत नाही. आज मी तुमच्यापुढे एका शिक्षिकेचा हिशेब मांडणार आहे. ही माझ्या मावसभावाची मुलगी. कॅनडात वाढली, तिथलीच नागरिक झाली आणि दक्षिण कोरियात सोल शहराजवळच्या एका खाजगी शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवू लागली. चार महिन्यांनी तिचा फोन आला. "काका, मी ठरल्यापेक्षा जास्त तास घेते, पण जादा पगाराच्या रकान्यात दर महिन्याला शून्य. संचालक म्हणतात, करार वाचा. तुमचा जन्म करारांत गेला. तुम्ही पाहता का?"

माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी शिकलो ते लवादाचे निवाडे शब्दकोश घेऊन वाचता वाचता. तरी तिने करार पाठवला आणि मी तो वाचायला बसलो. देश परका, धंदा परका. पण भांडण मात्र जुन्या ओळखीचे निघाले.

कोरियात अशा खाजगी वर्गांना 'हागवॉन' म्हणतात. शाळा सुटली की मुले तिथे जातात, म्हणून तिथला दिवस दुपारी सुरू होऊन रात्री संपतो. परदेशी भाषाशिक्षकाला 'ई-२' नावाचा परवाना मिळतो. हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना दिला जातो. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक करार २०१० साली अमलात आला. त्यातून इंग्रजी अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीय शिक्षकांनाही तिथल्या सरकारी शाळांत साहाय्यक म्हणून जाण्याची वाट उघडली. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरापासून वाटतो तितका दूर नाही.

आता करार. त्यात एके ठिकाणी लिहिले होते, 'आठवड्यास ३० तास अध्यापन.' खाली दुसऱ्या कलमात होते, 'महिन्यास १२० तासांवरील अध्यापनास जादा मोबदला.' वरवर पाहता दोन्ही एकच, कारण तीस चोक एकशेवीस. पण तिने घेतलेले तास पाहा. पहिल्या आठवड्यात ३४, दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात ३१, आणि चौथ्यात सणाची सुटी आल्यामुळे २२. बेरीज बरोबर १२०. आठवड्याने मोजले तर ४, ३ आणि १ मिळून ८ तास जादा. महिन्याने मोजले तर शून्य! सणाची सुटी मालकाने दिली खरी, पण आधीच्या तीन आठवड्यांच्या जादा तासांतून वसूल करून घेतली. दराविषयी एक अक्षर न बोलता आठ तासांची मजुरी नाहीशी झाली. म्हणून मी नेहमी म्हणतो, ओव्हरटाइमचे भांडण दराचे नंतर, मोजणीचे आधी.

दुसरा प्रश्न, 'तास' म्हणजे काय? कोरियातील सरकारी शाळांत प्राथमिक वर्गाची तासिका ४० मिनिटांची, माध्यमिकची ४५ आणि उच्च माध्यमिकची ५० मिनिटांची असते. परदेशी शिक्षकांना सरकारी शाळांत नेमण्याची जी योजना १९९५ साली सुरू झाली, तिच्या करारात आठवड्यास २२ तासिका धरतात. पण शाळेत हजेरी मात्र ४० तासांची. म्हणजे शिकवण्याचा तास वेगळा आणि कामाचा तास वेगळा. वह्या तपासणे, उद्याच्या पाठाची तयारी, पालकांना फोन, ही सगळी कामेच आहेत. खाजगी वर्गाच्या करारात हा भेद बहुधा स्पष्ट नसतो आणि गोंधळाचा लाभ नेहमी करार लिहिणाऱ्याला होतो.

म्हणून मी तिला दोन रेषा आखायला सांगितल्या. पहिली रेषा कराराची, म्हणजे ३० तासिका. तिच्यापलीकडे करारात ठरलेला दर लागतो. दुसरी रेषा कायद्याची. कोरियाच्या श्रमप्रमाण कायद्यानुसार दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा. संमतीने आठवड्यास आणखी १२ तास. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या मजुरीवर किमान निम्मी वाढ, म्हणजे दीडपट. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील कामालाही तशीच वाढ. मालकाच्या हुकमतीखाली नुसते थांबून राहण्याचा वेळदेखील कामाचाच धरला जातो. ८ तासांच्या कामात १ तासाची विश्रांती हवी आणि ती मोकळी हवी.

तिची हजेरी दुपारी १२ ते रात्री ९, त्यात १ तास विश्रांतीचा. कागदावर बरोबर ८ तास. मी विचारले, "बाळ, त्या तासात तू करतेस काय?" ती म्हणाली, "आठवड्यातून तीन दिवस मुलांच्या जेवणावर देखरेख." म्हणजे ती विश्रांती नव्हे, आठवड्याला ३ तास कायद्याच्या रेषेपलीकडचे! तिचा पगार महिन्याला २५ लाख वॉन. आठवड्याची एक पगारी सुटी धरून तिथे महिन्याचे २०९ तास मोजतात. भागाकार केला तर तासाला सुमारे ११,९६० वॉन, दीडपटीने सुमारे १७,९४०. तीन तासांचे आठवड्याला सुमारे ५३,८०० वॉन झाले. हा आकडा तिने स्वप्नातही मागितला नव्हता.

तीन पळवाटा मात्र ओळखून ठेवाव्यात. पाचांपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी दीडपटीचे कलम लागू होत नाही. तिथे करारातला दर हाच आधार, म्हणून तो सहीपूर्वीच लिहून घ्यावा. दुसरी, 'पगारात सर्व जादा काम समाविष्ट' हे वाक्य. तास मोजणे खरोखर अवघड असेल अशाच कामात न्यायालयांनी ही पद्धत मान्य केली आहे. शिक्षकाचे तर वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते! तिसरी, शिक्षकाला 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून दाखवून पगारातून ३.३ टक्के कर कापणे. परंतु २०१५ साली कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगी वर्गातील परदेशी इंग्रजी शिक्षकांना कामगार ठरवले. आपल्याकडे गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालील 'कामगार' नव्हे, असा निर्णय दिला होता. शिक्षकाला कामगार म्हटल्याने त्याची अप्रतिष्ठा होते असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोन निर्णयांतील अंतर पैशांत मोजून पाहावे.

हा कोरियन कायदा १९५३ सालचा. पण कागदावरचा कायदा आपोआप पगारात उतरत नाही. सोलच्या शांती बाजारातील कपडे शिवणारा तरुण कामगार चॉन तेइल याने चिनी अक्षरांनी भरलेला तो कायदा धडपडून स्वतः वाचला आणि कोवळ्या मुलींना चौदा चौदा तास राबवणाऱ्या दुकानांत तो पाळला जावा म्हणून दारोदार अर्ज केले. कोणी ऐकले नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने स्वतःला पेटवून घेतले. त्याची मागणी नव्या कायद्याची नव्हती. असलेला कायदा पाळा, एवढीच होती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लढा दिला, तेव्हा १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आपण उपभोगतो तो प्रत्येक मोकळा तास कोणीतरी झगडून मिळवलेला आहे.

एवढे ऐकून मुलगी म्हणाली, "काका, पण माझा परवाना या मालकाशी बांधलेला आहे. मध्येच नोकरी बदलायची तर बहुधा त्याचेच संमतिपत्र लागते. तो चिडला तर?" परदेशी नोकराचे खरे दुखणे हेच. भिऊ नकोस म्हणणे सोपे. भीती कमी करायला हातात कागद लागतो. हे मी ठेच खाऊन शिकलो. तिशीत एका वर्कशॉपच्या कामगारांतर्फे मी पहिल्यांदा बोलणीला बसलो, आवेशात भाषण केले, आणि व्यवस्थापकाने शांतपणे विचारले, "तारखा सांगा." माझ्यापाशी एकही तारीख नव्हती. चाळीस माणसांची तीन महिन्यांची जादा मजुरी त्या एका प्रश्नात बुडाली. ती माणसे मला काही बोलली नाहीत. तेच अधिक लागले.

म्हणून तिला वही घालायला सांगितली. रोज आल्याची वेळ, गेल्याची वेळ, तासिका, देखरेख. वेळापत्रकाची छायाचित्रे, संचालकांचे निरोप, पगाराच्या पावत्या, सगळे जपून ठेव. बरोबरीच्या शिक्षकांशी, कोरियनांशीसुद्धा, बोल. एकटीने मागितली तर तक्रार, चौघांनी मागितली तर बोलणी. आरोप करू नकोस, तक्ता पुढे ठेव. दोन्ही कलमे दाखव आणि आठवड्याने मोजणी लेखी माग. आणि हेही जाणून घे की, थकलेली मजुरी तीन वर्षांपर्यंत मागता येते, श्रम कार्यालयात तक्रारीला शुल्क नाही, तक्रार केली म्हणून त्रास देण्यास कायद्याने मनाई आहे, आणि राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करण्यासही. हे पान शेवटपर्यंत हातात ठेव. पहिल्या डावात टाकू नकोस.

दोन सहकारिणींना घेऊन ती गेली. संचालकांनी आठवड्याची मोजणी पुढच्या महिन्यापासून मान्य केली, मागच्या आठ तासांपैकी चारांचे पैसे दिले. जेवणावरची देखरेख मात्र त्यांना 'आपुलकीचे काम' वाटत होती. तिथे मी तिला ठाम राहायला सांगितले. कराराच्या रेषेवर तडजोड करता येते. कायद्याच्या रेषेखालची तडजोड तिथला कायदाच रद्दबातल मानतो. तीन आठवड्यांनी ती थकबाकी पूर्ण मिळाली. त्याच महिन्यात सर्व शिक्षकांच्या देखरेखीच्या पाळ्या लागल्या आणि विश्रांतीचा तास खरोखरच मोकळा झाला.

पगाराची पावती तिने मला पाठवली. शून्याच्या जागी आकडा होता. मी तिला एवढेच कळवले, "वही बंद करू नकोस."