पुसण्याआधी साक्ष काढा (घरचा संगणक : लेखांक ७)

चालता चालता बंद पडणाऱ्या संगणकावर बहुतेक घरांत एकच उपाय सुचवला जातो : फॉरमॅट मारा. दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञही तोच सुचवतो, कारण त्याला दिवसभरात आणखी चार घरे करायची असतात आणि कोरी विंडोज पाहून घरच्यांनाही काम झाल्यासारखे वाटते. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प गमावण्याची भीती तर आहेच. पण संगणक का पडला याची त्याने स्वतः लिहून ठेवलेली नोंदही त्याच वेळी पुसली जाते. दोष यंत्राच्या सुट्या भागांत असेल तर नोंद जाते आणि दोष तेवढा उरतो.

असा दोष किती वेळा असतो, याचा चांगला अभ्यास झालेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये जवळपास दहा लाख घरगुती संगणकांच्या बंद पडण्याच्या नोंदी तपासून निबंध प्रसिद्ध केला. आठ महिन्यांत एकूण किमान तीस दिवस चाललेल्या यंत्रांपैकी साधारण १९० मागे एक यंत्र प्रोसेसर आणि त्याच्या जोडीच्या भागांतील बिघाडाने पडले. एवढ्यावरून काळजीचे कारण दिसत नाही. मात्र एकदा असे पडलेल्या यंत्रांपैकी सुमारे तिनांतले एक पुन्हा त्याच बिघाडाने पडले. हार्ड डिस्कच्या बाबतीतही पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत असाच मोठा फरक दिसला. वारंवार पडणारे प्रत्येक यंत्र सुट्या भागांमुळेच पडते, असे यावरून ठरत नाही. पण सुट्या भागाचा दोष एकदा डोके वर काढून गेला की तो आपोआप बरा होईल ही आशा सोडावी लागते, आणि विंडोज नव्याने टाकून तो जाईल ही आशाही.

म्हणून आधी नोंद वाचावी. त्याहीआधी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी, कारण मरणपंथाला लागलेली डिस्कच गुन्हेगार असू शकते. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची सोय आहे. स्टार्टच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ एवढे टाइप केले तरी सापडते. तारखांचा तक्ता उघडतो. ज्या दिवशी यंत्र पडले तिथे लाल फुली असते, आणि कोणते अपडेट किंवा ड्रायव्हर कधी बसले तेही तिथेच दिसते. फुल्या एखाद्या अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या असतील तर संशयाची दिशा मिळाली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हमखास सापडते आणि तिथे पुष्कळ जण फसतात : नावात पॉवर आहे म्हणून नवा एसएमपीएस आणतात. ४१चा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. पाहायचा असतो तो तिच्या तपशिलातला बगचेक कोड. तो शून्याखेरीज काही असेल, तर पडण्यापूर्वी कारण टिपायला विंडोजला उसंत मिळाली होती. कोड शून्य असेल आणि पडताना विंडोज जी नोंद-फाइल जपते ती ‘मिनीडंप’ही नसेल, तर वीज एकाएकी तुटली किंवा यंत्र जागीच गोठले असे धरून चालावे. मग एसएमपीएस, यूपीएसची थकलेली बॅटरी, सैल सॉकेट आणि धुळीने चोंदलेला पंखा यांची पाळी येते. जोडीला एका वहीत वेळ लिहीत जावी. गेम खेळताना किंवा व्हिडिओ तयार होतानाच पडतो का? इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला की पडतो का? आठवडाभराची अशी टिपणे अंदाजाने बदललेल्या दोन भागांपेक्षा स्वस्त पडतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की फॉरमॅट केल्यावर संगणक खरेच सुधारतो. सुधारतो कधीकधी. पण त्याच भेटीत कॅबिनेट उघडून धूळ झटकलेली असते, रॅम काढून पुन्हा घट्ट बसवलेली असते, आणि नव्या विंडोजवर पहिले काही दिवस जड कामही होत नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकीला देता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-चार दिवस थांबावे, हा माझा आग्रह त्यासाठीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सॉफ्टवेअरही यंत्रे पाडते. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे पडली. पण तिथला उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक ठरावीक फाइल काढून टाकणे. दोषी ड्रायव्हर ओळखला नाही, तर फॉरमॅटनंतर तोच पुन्हा बसतो. व्हायरसने पोखरलेल्या यंत्रासाठी फॉरमॅट योग्य आहे, पण तेही कारण कळल्यावर.

आणि पडद्यावरचा संदेश तरी खरा मानावा का? इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनेक गेम ‘ग्राफिक्सची मेमरी संपली’ असे सांगून बंद पडत होते. लोकांनी ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकल्या. दोष प्रोसेसरमध्ये होता : २०२४ मध्ये इंटेलने तो प्रमाणाबाहेर व्होल्टेजशी जोडला, बायॉसमार्फत नवे मायक्रोकोड दिले आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर त्या मायक्रोकोडने पूर्ववत होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. तारीखवार फुल्या आणि कोड कागदावर उतरवलेले असतील, तर सेवा केंद्राच्या खिडकीवर ग्राहकाला ठामपणे बोलता येते. रॅमची रात्रभराची तपासणी कशी करायची, ते पुढच्या आठवड्यात.