चिकट राळ, कोरडी राळ

गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर अतिसूक्ष्म केस असतात. त्यांतील काहींच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी ग्रंथी असते आणि तिच्या पातळ आवरणाखाली राळ साठते. टीएचसी व सीबीडी या द्रव्यांची मूळ आम्लरूपे याच ग्रंथीत तयार होतात. ही राळ वेगळी काढली की तिला चरस म्हणतात. मात्र, सर्व झाडांच्या राळेचा पोत सारखा नसतो.

हिमाचल प्रदेशातील मलाणा परिसरात ओला फुलोरा तळहातांवर चोळून हाताला चिकटलेली राळ खरवडून काढण्याची रीत आहे. अफगाणिस्तानात आणि मोरोक्कोच्या रिफ डोंगररांगांत वाळलेली झाडे चाळणीवर झाडून गळालेल्या ग्रंथी गोळा केल्या जातात. पहिल्या रीतीला चिकट राळ हवी. दुसरीला कोरड्या, देठापासून सहज तुटणाऱ्या ग्रंथी. ज्या झाडाने हाताला किंवा चाळणीला भरपूर दिले, त्याचेच बी पुढील पेरणीसाठी राखले की पोताचीही नकळत निवड होते.

हा पोत एखाद्या जनुकावर ठरत नाही. ग्रंथीचा आकार, तिच्या मानेचा ठिसूळपणा, सुगंधी टर्पीनांचे प्रमाण यांचा त्यात वाटा असतो. शिवाय हवेतील दमटपणा, उष्णता व फुलोऱ्याची पक्वता यांमुळेही तो बदलतो. म्हणून वाण-संशोधकाला वेगवेगळ्या झाडांची छाट-कलमे एकाच जागी, एकाच वेळी वाढवून पाहावी लागतात. परिस्थिती सारखी असूनही फरक टिकला, तरच तो आनुवंशिक म्हणता येतो.

या वनस्पतीत नर व मादी झाडे सहसा वेगळी असतात आणि परागीभवन वाऱ्याने होते. परक्या वाणाची मोजकी नर झाडेही आसपासच्या स्थानिक बियाण्यात मिसळ करू शकतात. शतकानुशतके घडलेले लक्षण अशाने काही पिढ्यांत पुसले जाऊ शकते.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरसाचे उत्पादन, विक्री व सेवन गुन्हा ठरवले आहे आणि त्याचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु उत्तराखंडने टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत असलेल्या औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवानगी दिली आहे. उद्या तंतू, बी किंवा औषध यांसाठी नवे वाण घडवायचे झाल्यास या स्थानिक बियाण्यांतील वैविध्यच हाताशी लागेल. ते अधिकृत बियाणे-संग्रहात वेळीच जतन करणे म्हणूनच अगत्याचे आहे.