दप्तरात जाणारे वचन

जूनमध्ये शाळा उघडताना संडे स्कूलमध्ये मुलांकडून काय करून घ्यावे? भिंतीवर टांगायच्या क्रुसापेक्षा बुकमार्क बरा, कारण तो रोज हाताळला जातो. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची दोन बोटे रुंद पट्टी कापायची, वर भोक पाडून निळ्या लोकरीचा गोंडा ओवायचा. निळाच, कारण बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात वस्त्राच्या गोंड्यांना निळा दोरा लावायला सांगितले आहे, तो दिसताच आज्ञा आठवाव्यात म्हणून. पट्टीवर 119व्या स्तोत्रातले दिव्याचे, म्हणजे 105वे वचन लिहावे. हे स्तोत्र तर मुळाक्षरांवरच रचले आहे: 22 हिब्रू अक्षरे, प्रत्येकी 8 वचने, एकूण 176. कातरकामाच्या वेळात चार वचने पाठ झाली असती, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण पाठांतराला डोळ्यांचा नि अक्षरांचा आधार लागतो, हे या दोन्ही उताऱ्यांनी गृहीतच धरले आहे. शाळेतल्या सर्वधर्मीय वर्गात श्रद्धेची वस्तू कशाला, असेही कोणी म्हणेल. बुकमार्क पुस्तकात मिटलेला असतो, तो कुणावर लादला जात नाही. मात्र वचन मुलानेच लिहावे, अक्षर वेडेवाकडे आले तरी. छापील पट्ट्याच वाटायच्या असतील, तर त्यासाठी वर्ग भरवू नये.