शुक्राची दुसरी भेट

अपयशी ठरलेल्या यंत्राचे काय करावे, हा प्रश्न सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा येतोच. जपानच्या अंतराळ संस्थेपुढे तो ७ डिसेंबर २०१० रोजी आला. त्याच वर्षी मे महिन्यात तानेगाशिमा बेटावरून निघालेले ‘अकात्सुकी’ (म्हणजे पहाट) हे यान शुक्रापाशी पोहोचले होते. ग्रहाच्या कक्षेत शिरण्यासाठी वेग कमी करणे आवश्यक असते. त्याकरिता मुख्य इंजिन सुमारे बारा मिनिटे चालायला हवे होते. ते अडीच मिनिटांतच बंद पडले. इंधनावर दाब देणाऱ्या हेलियमच्या मार्गातील झडप क्षार साचल्याने नीट उघडली नव्हती. इंधनाचे प्रमाण बिघडले, उष्णता वाढली आणि इंजिनाचा सिरॅमिकचा भाग फुटला. यान शुक्राला मागे टाकून सूर्याभोवती फिरू लागले.

चौकशी, अहवाल आणि नव्या यानासाठी नव्या निधीची मागणी, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. अभियंत्यांनी मात्र मोडक्या यानात शाबूत काय उरले आहे, याचा हिशेब मांडला. यानाचे तोंड वळविण्यासाठी असलेली लहान इंजिने धड होती. मुख्य इंजिनासाठीचा ऑक्सिकारक आता निव्वळ ओझे होता. तो २०११ मध्ये अवकाशात सोडून देण्यात आला. शुक्राची पुन्हा गाठ पडेपर्यंत पाच वर्षे वाट पाहणे, एवढेच मग उरले. साडेचार वर्षांचे अपेक्षित आयुष्य या वाटेवरच सरले. ७ डिसेंबर २०१५ रोजी, तारीखही तीच, चार लहान इंजिने सुमारे वीस मिनिटे चालली आणि शुक्राने यानाला धरून ठेवले. कक्षा मात्र फार लांबट पडली. तीस तासांत व्हावयाच्या फेरीला दहा दिवसांहून अधिक काळ लागू लागला.

तरीही हाती आले ते थोडे नव्हे. शुक्र स्वतःभोवती २४३ दिवसांत एकदा फिरतो. त्याचे वरचे ढग मात्र अवघ्या चार दिवसांत त्याला प्रदक्षिणा घालतात. त्यांना ही गती कोण देतो, हे जुने कोडे होते. सूर्याच्या तापाने वातावरणात उठणाऱ्या लाटा विषुववृत्ताजवळच्या ढगांना ढकलत राहतात, असा निष्कर्ष या यानाच्या निरीक्षणांवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याहून नवल म्हणजे कक्षेत शिरताच दिसलेली, सुमारे दहा हजार किलोमीटर लांबीची धनुष्याकृती लाट. भोवताली एवढे वारे धावत असता ती खालच्या उंच प्रदेशाच्या माथ्यावर जागीच उभी होती.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस यानाशी संपर्क तुटला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोहीम अधिकृतपणे संपविण्यात आली. साडेचार वर्षांसाठी बांधलेले हे यान संपर्क तुटला तेव्हा चौदा वर्षांचे होत आले होते.