अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट: लेण्यांआधी डोंगर का पाहायचा?

छत्रपती संभाजीनगरहून साधारण 100 किलोमीटरवरच्या अजिंठ्याला बहुतेक जण चित्रं पाहायला जातात. पण समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलं, की लेणी इथेच का कोरली, हेही उमगतं.

वाघूर नदी इथे घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. वळणाच्या कड्यात सुमारे 30 लेणी ओळीने दिसतात. हा कडा बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. सगळे थर सारखे टणक नसतात. मऊ थर आधी झिजतो, कठीण टिकतो आणि पायऱ्या तयार होतात. सप्तकुंड धबधबा अशाच टप्प्यांनी उतरतो. कोरायला उभा कातळ, जवळ पाणी आणि पावसाळ्यात मुक्कामाला एकांत, भिक्खूंना हे सगळं इथे मिळालं.

दरीच्या आडोशामुळेच लेणी पुढे विस्मरणात गेली. 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला समोरच्या डोंगरावरून 10 क्रमांकाच्या लेण्याची कमान दिसली.

जायचं कधी? धबधबा हवा असेल तर पावसाळ्यात, निवांत चालायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सोमवारी लेणी बंद असतात. व्ह्यू पॉइंटवरून पायवाटेने नदीपर्यंत उतरून लेण्यांकडे जाता येतं. मात्र पावसात दगड शेवाळतात आणि वर डोंगरात सर पडली, की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. म्हणून रीलसाठी कड्यावर किंवा कुंडाजवळ जाऊ नका.